अटॅक दोनच, मग पाय का ओढतोय?

मेंदू आणि मज्जा : वाचकांचे प्रश्न

(या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराबद्दलची निघाली, म्हणून बाकीची पुढच्या अंकावर ढकलली आहेत. अर्धशिशीवाल्यांनी रागवू नये. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.)

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले. दोन एकर द्राक्षबाग आहे, निम्मा माल बेदाण्याला जातो. माझे मिस्टर ४३ वर्षांचे. चार वर्षांपूर्वी एमएसचं निदान झालं. तेव्हापासून अटॅक आले दोनच. पहिल्या वेळी पायाला मुंग्या आणि बधिरपणा, दुसऱ्या वेळी एकाचे दोन दिसायचे. दोन्ही वेळा सलाईनमधून स्टेरॉइड दिलं, बरे झाले. दोन वर्षं गोळी चालू आहे, गेल्या दीड वर्षात एकही अटॅक नाही. तरी उजवा पाय ओढतात, त्या पायाच्या चपलेचं पुढचं टोक झिजलंय. पूर्वी सौद्याची पट्टी हातात पडली की उभ्या उभ्या हिशेब करायचे. आता तोच कागद तीनदा उलटासुलटा करतात आणि मुलावर ओरडतात. माझी नणंद विट्याला दिली आहे, तिलाही हाच आजार, ११ वर्षं झाली. तिला सात अटॅक आले, एकदा तर महिनाभर एका डोळ्यानं दिसत नव्हतं. ती अजून शाळेत शिकवते, जिना चढते. सासूबाई म्हणतात, हा बायकांचा आजार, गड्याला एवढा कसा होईल, तूच खाणंपिणं बघत नाहीस. सात अटॅकवाली ठीक आणि दोन अटॅकवाल्याचे हे हाल, असं कसं?

उत्तर : ताई, आधी सासूबाईंचं घेऊ, कारण पत्रात सगळ्यात जास्त तेच टोचतंय. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. अटॅक येणारा, म्हणजे येऊन ओसरणारा एमएस बायकांमध्ये पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो. वयात येण्याआधी मुलगा-मुलगी असा फरक जवळपास नसतो, पाळी सुरू झाल्यावर तो वाढत जातो. आता उरलेलं अर्धं. पुरुषांना हा आजार कमी होतो, पण झाला तर सरासरीनं जास्त लवकर अपंगत्वाकडे नेतो. अटॅक न येता सुरुवातीपासूनच हळूहळू वाढत जाणारा एक प्रकार असतो, त्यात तर बाई-पुरुष जवळजवळ सारखेच. तुमच्या स्वयंपाकाचा यात काही संबंध नाही. हे वाक्य सासूबाईंना वाचून दाखवा, माझ्या नावानं.

आता हिशेब. सात मोठे की दोन, असं तुम्ही विचारता. एमएसमध्ये दोन खाती असतात आणि घरातले लोक एकच बघतात. पहिलं खातं सुजेचं. शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंवरचं वेष्टन, म्हणजे मायलिन, कुरतडते. त्या जागी सूज येते, डोळा जातो, पाय बधिर होतो. हा अटॅक. तो दिसतो, दुखतो, त्यासाठी रजा काढावी लागते, म्हणून सगळे तो मोजतात. दुसरं खातं झिजेचं. वायरीवरचं प्लॅस्टिक गेल्यावर आतली तांब्याची तारही हळूहळू तुटते. १९९८ साली ब्रूस ट्रॅप यांच्या गटानं दाखवलं की नव्या, ताज्या डागांमध्येसुद्धा तुटलेले तंतू सापडतात. म्हणजे झीज आजाराच्या शेवटी येते हा आमचा जुना समज चुकीचा होता. ती पहिल्या दिवसापासून सुरू असते आणि तिला अटॅकची गरज लागत नाही.

साखर कारखान्याच्या आवारातला बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा ढीग तुम्ही पाहिला असेल. एकदा पेटला की वरून पाणी मारून विझवतात, धूर थांबतो, लोक घरी जातात. आत तो आठवडाभर धुमसतो. तुमच्या मिस्टरांच्या दीड वर्षाच्या शांततेत हेच चाललं असण्याची शक्यता आहे.

आणि इथे पुरुष-बाई हा फरक येतो. एमआरआयचे अभ्यास पाहिले तर ढोबळ चित्र असं दिसतं : बायकांमध्ये ताजी सूज जास्त, म्हणजे शिरेतून औषध टोचल्यावर चमकणारे डाग जास्त. पुरुषांमध्ये असे डाग कमी, पण जे होतात त्यांतले जास्त डाग कायमचे काळे खड्डे होऊन बसतात. मेंदूच्या आतला करडा भाग, विशेषतः थॅलॅमस, पुरुषांमध्ये जास्त आक्रसलेला आढळतो. थॅलॅमस म्हणजे मेंदूतलं मिरज जंक्शन समजा, सगळ्या गाड्या तिथून वळतात. ते आक्रसलं की कुठलीही एक गाडी बंद पडत नाही, सगळ्याच उशिरा धावतात. २०१२ साली ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी लवकरच्या अवस्थेतले रुग्ण तपासले, तेव्हा आतल्या करड्या भागाची घट आणि स्मरण-विचारांच्या चाचण्यांमधली पीछेहाट, दोन्ही पुरुषांमध्ये जास्त ठळक होती. सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत हेही सांगते. काहींत फरक अगदी थोडा निघाला आहे.

पट्टीचा कागद तीनदा उलटासुलटा करणं हे मला त्या उशिरा धावणाऱ्या गाड्यांसारखं वाटतं. माणूस गणित विसरलेला नसतो, त्याला वेळ जास्त लागतो. आणि वेळ लागतोय हे त्याचं त्याला कळत असतं, म्हणून मुलावर ओरडणं.

किती झीज म्हणजे किती? निरोगी प्रौढ माणसाचा मेंदूही वर्षाला ०.१ ते ०.३ टक्के आक्रसतो. उपचार न घेतलेल्या एमएसमध्ये हे प्रमाण साधारण ०.५ ते १.३ टक्क्यांपर्यंत जातं. मेंदू १३०० मिलीलीटरचा धरला आणि वर्षाला एक टक्का गेला, तर १३ मिली. तुमच्या घरातला पोहे खायचा चमचा घ्या, त्याचे दोन-अडीच चमचे. एका वर्षात कुणाला समजणारही नाही. दहा वर्षांनी समजतं.

मला हे फार उशिरा समजलं. सांगलीत विश्रामबागला दवाखाना टाकून पाच-सहा वर्षं झाली असतील. मिरजेचे एक तंबोरे करणारे गृहस्थ माझ्याकडे यायचे, पन्नाशीच्या आतले. त्यांना एकच अटॅक आलेला. दर वर्षी एमआरआय, दर वर्षी रिपोर्टमध्ये ‘नवीन डाग नाही’, आणि मी दर वर्षी म्हणायची, "छान आहे, या पुढच्या वर्षी." चौथ्या वर्षी ते आले आणि टेबलावर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, जवारी लागत नाही आता." जवारी म्हणजे तारेखालची घोडी इतकी बारीक घासायची की तारेतून तो गुंजणारा नाद निघावा. कानानं घासायचं काम ते, एक हात जास्त फिरला की संपलं. पूर्वी अर्ध्या तासात व्हायची ती आता दिवसभर बसून होत नव्हती. दोन महिने त्यांनी गिऱ्हाइकांना पुतण्याच्या हातचा माल दिला होता आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मी त्या चारही सीडी शेजारी शेजारी लावून बघितल्या. डाग खरंच वाढले नव्हते. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मात्र चार वर्षांत डोळ्याला दिसतील इतक्या रुंदावल्या होत्या. रिपोर्टात ते लिहिलेलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. मीही नव्हतं विचारलं.

तेव्हापासून माझ्या दवाखान्याच्या बोळात फरशीवर दोन लाल पट्ट्या मारलेल्या आहेत, मध्ये बरोबर २५ फूट. प्रत्येक एमएसच्या रुग्णाला मी घड्याळ लावून त्यावरून चालवते. दोन सेकंदांचा फरक रुग्णाला जाणवत नाही, कागदावर दिसतो. वेळ पाचवा हिस्सा वाढला तर तो फरक खरा धरतात. दुसरा एक कागद असतो, वर नऊ चिन्हं आणि प्रत्येकाखाली एक आकडा. खाली नुसतीच चिन्हं. ९० सेकंदांत जेवढे जमतील तेवढे आकडे सांगायचे. पुरुष रुग्ण या कागदावर हमखास हसतात, "हे काय बालवाडीचं?" म्हणतात. मग चाळिसाव्या सेकंदाला हसू जातं.

पुरुषांमध्ये असं का, हे विचारलं नाहीत तरी सांगते, कारण नणंदबाई शिक्षिका आहेत, त्या विचारतील. एक कारण संप्रेरकं. बायकांमधल्या इस्ट्रोजेनच्या प्रकारांना, आणि पुरुषांमधल्या टेस्टोस्टेरॉनलाही, मज्जातंतू राखण्याचा काही गुण असल्याचं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसतं, आणि वयाबरोबर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन उतरत जातं. दुसरं कारण गुणसूत्रं. लॉस एंजेलिसला रोंडा व्होस्कूल यांच्या गटानं २०१४ मध्ये मोठा नेटका प्रयोग मांडला. असे उंदीर घेतले की ज्यांची संप्रेरकं सारखी, प्रतिकारशक्तीच्या पेशीही सारख्या, फरक एवढाच की मेंदूतल्या पेशींत काहींच्या दोन एक्स आणि काहींच्या एक एक्स, एक वाय. एमएससारखा आजार दिल्यावर एक्स-वाय मेंदूची झीज जास्त झाली. म्हणजे मार तेवढाच, पण सोसणारा मेंदू वेगळा. मला हा प्रयोग फार आवडतो. उंदरांवरचा आहे, माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे धरूनच.

तिसरं कारण कुठल्याच प्रयोगशाळेत सापडायचं नाही. बाईचा डोळा गेला की ती दुसऱ्या दिवशी दाखवायला येते, नवरा घेऊन येतो. गड्याचा पाय जड झाला की तो म्हणतो, बागेत चिखल होता. वर्षभर चिखलच असतो.

पण हे सगळं सरासरीचं बोलणं झालं. तुमच्या मिस्टरांना आजार ३९ व्या वर्षी लागला, नणंदेला बहुधा त्याआधी. उशिरा सुरू झालेला एमएस दोघांतही जास्त लवकर पुढे सरकतो. नणंदेचं औषध कधी सुरू झालं, कुठलं होतं, हेही मोठं कारण असू शकतं. शिवाय पाय ओढण्याचा संबंध अनेकदा मेंदूपेक्षा मानेतल्या-पाठीतल्या मज्जारज्जूशी असतो. पैसे वाचवायला म्हणून फक्त डोक्याचा एमआरआय काढलेले कितीतरी रुग्ण मी बघते. मानेचा काढला आहे का ते बघा. मानेत मणका सरकून मज्जारज्जू दाबला गेला असेल, बी-१२ कमी असेल, तर त्यानंही पाय ओढतो, आणि ते दुरुस्त होण्यासारखं असतं. सगळं एमएसच्या खात्यावर टाकू नका.

त्यांच्या डॉक्टरांना सरळ विचारा : "अटॅक नसताना आजार पुढे सरकतोय का?" हाच प्रश्न, याच शब्दांत. जुन्या सगळ्या सीडी घेऊन जा, नुसते रिपोर्ट नेऊ नका. नवा एमआरआय शक्यतो पूर्वीच्याच मशीनवर काढा, नाहीतर तुलना करता येत नाही. औषध बदलायचं का, हा त्यांचा निर्णय. पण दोन वर्षं ज्या गोळीवर आहेत ती सूज रोखत असेल आणि झीज चालूच असेल, तर त्यावर बोलणं झालंच पाहिजे. सुरुवातीपासूनच हळूहळू वाढणाऱ्या प्रकारावर फार काळ काहीच नव्हतं. पहिलं मान्यताप्राप्त औषध, ऑक्रेलिझुमॅब, २०१७ साली आलं. महाग आहे. आपल्याकडे बरेच डॉक्टर त्याच जातीचं रिटुक्सिमॅब वापरतात, ते त्या मानानं परवडतं. बिडी-सिगारेट असेल तर आजच बंद. आजार होण्याचा धोका आणि वाढण्याचा वेग, दोन्ही धूम्रपानानं वाढतात, याबद्दल शंका राहिलेली नाही. फिजिओथेरपिस्टकडून घोट्याला लावायचा पट्टा घ्या, पाऊल खाली लोंबणार नाही आणि चप्पलही वाचेल.

पत्रात एका ठिकाणी तुम्ही लिहिलं आहे की बेदाण्याच्या दिवसांत ते ‘एकदम ढेपाळतात’. मार्च-एप्रिलचं ऊन आणि शेडवरची धग. अंग तापलं की वेष्टन गेलेल्या तंतूंतून संदेश नीट जात नाही, पाय आणखी जड होतो, नजर धुरकट होते. थंड झालं की परत येतं. श्रमानंतर नजर अशी धुरकट होते हे विल्हेल्म ऊथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १८९० मध्येच नोंदवलं होतं. हा नवा अटॅक नाही, त्यासाठी स्टेरॉइड घ्यायला धावू नका. रॅकवर माल टाकायचं, द्रावणात घड बुडवायचं काम पहाटे उरका, मानेभोवती ओला पंचा ठेवा, दुपारी त्यांना हिशेबालाही बसवू नका. हिशेब सकाळी, एका वेळी एक पट्टी, रेडिओ बंद. मुलाला कॅल्क्युलेटर घेऊन शेजारी बसू दे, पण आकडा वडलांनीच सांगायचा.

लघवीची घाई, बद्धकोष्ठ, आणि नवरा-बायकोच्या संबंधांतली अडचण, यातलं काही असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. मिस्टर सांगणार नाहीत, तुम्ही सांगा. तिन्हींवर औषधं आहेत.

मुलांची काळजी तुम्ही लिहिली नाहीत, पण दोन भावंडांना एकच आजार म्हटल्यावर मनात असणारच. सख्ख्या भावंडांना धोका शंभरात दोन-चार, मुलांना शंभरात दोनच्या आसपास. एकाच अंड्यातून झालेल्या जुळ्यांतसुद्धा एकाला असेल तर दुसऱ्याला साधारण चारांत एकदाच होतो. मुलांचे एमआरआय काढत बसू नका.

आणि नणंदबाईंना निरोप : वय वाढलं की अटॅक आपोआप विरळ होतात, बायकांतही. त्याला बरं होणं समजून गोळ्या सोडलेल्या दोन शिक्षिका माझ्याकडे आहेत. नणंदबाईंनीही एकदा लाल पट्टीवर चालून जावं.

प्रश्न : मी साताऱ्याची, वय २९, तीन वर्षं एमएस. लग्नाला दोन वर्षं झाली. माहेरचे म्हणतात बाळंतपणात मेंदू आणखी खराब होईल, मूल होऊ देऊ नकोस. सासरचे म्हणतात मूल झालं की आजार जातो. कुणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही नको. युरोपातल्या १२ देशांतल्या २५४ बायकांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला, त्याचे आकडे देते. गर्भारपणाआधी वर्षाला सरासरी ०.७ अटॅक. शेवटच्या तीन महिन्यांत ते ०.२ वर आले. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत उसळून वर्षाला १.२ या हिशेबानं झाले आणि मग पुन्हा पूर्वीच्या पातळीला. म्हणजे सासरच्यांनी नऊ महिने पाहिले आणि माहेरच्यांनी पुढचे तीन. त्या तीन महिन्यांतही शंभरातल्या बहात्तर जणींना अटॅक आला नव्हता. मूल झाल्यामुळे दूरचं अपंगत्व वाढतं असं दिसलेलं नाही. अंगावर पाजता येतं, त्याचा फायदाच दिसतो, आणि एमएस आहे एवढ्याच कारणासाठी सिझेरियन लागत नाही.

खरी मेख औषधात आहे. तुम्हाला फिंगोलिमॉड ही एमएसची गोळी चालू असल्याचं तुम्ही लिहिलं आहे. ते गर्भ राहण्याच्या निदान दोन महिने आधी बंद व्हायला हवं, पण आपल्या मनानं एकदम सोडलं तर आजार दुप्पट जोरानं उसळू शकतो. मधल्या काळात दुसरं काय द्यायचं हे आधी ठरवून मगच थांबवायचं. त्यामुळे पाळी चुकल्यावर डॉक्टरांकडे जाऊ नका. विचार पक्का झाला की लगेच जा, नवऱ्याला घेऊन. बाळंतपणानंतर रात्री उठायला दुसरं माणूस लागेल. ते माहेरचं की सासरचं, यावर दोन्ही घरांनी भांडावं, तेवढं भांडण उपयोगाचं आहे.

गर्भारपणात इस्ट्रिऑल नावाचं संप्रेरक खूप वाढतं. ते गोळीतून दिलं तर काय होतं, याची १६४ बायकांवरची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. संकेत आशादायक होते, पण त्यातून नेहमीच्या वापराचं औषध झालेलं नाही. इंटरनेटवरून मागवू नका.

प्रश्न : वय ३७, कराड. एमएस आहे. पुरुषांचं हार्मोन दिलं तर मेंदूची झीज थांबते असं वाचलं. जिममधला ट्रेनर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन मिळवून देतो म्हणतो. घेऊ का?

उत्तर : नको. तुम्ही वाचलं ते बहुधा २००७ चं काम. दहा पुरुष. आधी सहा महिने नुसतं निरीक्षण, मग वर्षभर रोज अंगाला लावायचं जेल. मेंदू आक्रसण्याचा वेग मंदावलेला दिसला, विचारांच्या चाचणीत थोडी सुधारणा दिसली. दहाच माणसं, तुलनेला बिनऔषधाचं जेल लावणारा गट नाही. यावरून पुढचा मोठा अभ्यास काढावा, सुई काढू नये. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉननं वीर्य आटतं, रक्त दाट होतं. ट्रेनरच्या बाटलीत नेमकं काय आहे हे ट्रेनरलाही माहीत नसतं. थकवा, इच्छा कमी होणं असं काही असेल तर सकाळी रक्तातली पातळी तपासा आणि खरोखर कमी निघाली तर हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवा.

तुमच्या दोन पानी पत्रात प्रोटीन पावडर आहे, इंजेक्शनचा दर आहे, छातीचं माप आहे. कसं चालता, जिना चढताना कठडा धरावा लागतो का, कामावर चुका वाढल्यात का, याबद्दल एक ओळ नाही. शेवटचा एमआरआय कधी काढला तेही नाही. तेवढं लिहून पाठवा.